अडीच गोण्या, त्रेचाळीस गोण्या

हेक्टरभर बाजरीला कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे साधारण 50 किलो नत्र (नायट्रोजन) लागते. युरियात नत्र 46 टक्के असते आणि गोणी आता 45 किलोची आहे. म्हणजे बाजरीचा सगळा नत्राचा खर्च जेमतेम अडीच गोण्यांत आटोपतो. त्याच हेक्टरात केळी लावली, तर दीड बाय दीड मीटरवर 4,444 खोडे बसतात आणि शिफारस आहे दर झाडाला 200 ग्रॅम नत्राची. बेरीज होते 889 किलो, युरियाच्या हिशेबात त्रेचाळीस गोण्या. पपईला झाडामागे 200 ग्रॅमच, पण झाडे दोन हजारांच्या आत, म्हणून ती 400 किलोच्या आसपास थांबते. आडसाली उसालाही 400 किलो लागते. कापूस आणि मिरची शंभराच्या आगेमागे. हे सगळे आकडे अधिकृत शिफारशींचे आहेत. शेजारच्याने एक गोणी टाकली म्हणून आपण दीड टाकणारा शेतकरी या हिशेबात अजून धरलेलाच नाही. शिवार तेच, माती तीच, आभाळ तेच. पीक बदलले की जमिनीवर पडणारे नत्र दोन, आठ, सतरा पटींनी वाढते. तापीच्या पाण्याचे काय झाले हे समजून घ्यायचे, तर कारखान्याच्या नळकांड्याशी जाण्याआधी या बेरजेशी थांबावे लागते.

ही बेरीज जमिनीवर कशी उतरते ते कोरीटच्या पट्ट्यात दिसते. कोरीट हे नंदुरबार तालुक्यातले गाव. नंदुरबार शहरातल्या कोरीट नाक्यामुळे त्याचे नाव जिल्ह्यात सगळ्यांच्या तोंडी असते. गाव तापीच्या खोऱ्यातले, पायाखाली काळी माती आणि भोवती असा पट्टा, जो एका पिढीत जिरायतीतून बागायतीत गेला. नंदुरबारची मिरची देशभर जाते. शहाद्याची पपई दिल्लीच्या बाजारात भाव खाते. पुरुषोत्तमनगर, समशेरपूर, डोकारे इथल्या साखर कारखान्यांना ऊस लागतो. या बदलाने घरे उभी राहिली, मुले शिकली, आणि त्याबद्दल नाक मुरडण्याचा अधिकार शहरात बसून डाळ-साखर विकत घेणाऱ्या कोणालाही नाही. मात्र जमिनीचा वापर बदलला की पाण्याचे गुणधर्म बदलतात, हे आपण मान्यच करत नाही. आपण पाणी मोजतो नळाच्या तोंडाशी किंवा गटाराच्या मुखाशी, आणि त्याचे बरेवाईट ठरते त्याच्या किती तरी आधी, बांधावर. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे, पण त्याच्या आड येणाऱ्या समजुती बऱ्याच आहेत.

आधी माती. खानदेशची काळी माती उन्हाळ्यात हात आत जाईल एवढी भेगाळते आणि भिजली की फुगून बंद होते. मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडतो तेव्हा भेगा उघड्याच असतात. पाणी मातीच्या कणांतून हळूहळू न झिरपता भेगांच्या वाटेने थेट खाली उतरते आणि उन्हाळ्यात सेंद्रिय पदार्थ कुजून साठलेले व नुकत्याच फेकलेल्या खतातले नत्र घेऊन जाते. नंतर भेगा मिटतात. मग तीच माती पाणी आत घेईनाशी होते, पाणी वरून धावू लागते आणि सोबत चिखल नेते. इथे खतातल्या दोन घटकांच्या वाटा फुटतात. नत्र नायट्रेटच्या रूपात पाण्यात पूर्ण विरघळते, मातीच्या कणाला धरून राहत नाही. म्हणून ते खाली जाते, विहिरीत आणि कूपनलिकेत. स्फुरद (फॉस्फरस) चिकणमातीच्या कणाला घट्ट धरून बसतो. तो खाली जवळजवळ जातच नाही, पण कण वाहिला की त्याच्याबरोबर नाल्यात, नदीत आणि शेवटी धरणात जातो. विहिरीचे दुखणे नत्राचे, जलाशयाचे दुखणे मुख्यतः स्फुरदाचे. औषधे वेगळी असल्यामुळे हा फरक सुरुवातीलाच ध्यानात ठेवलेला बरा: एकाला खताची मात्रा आणि वेळ सांभाळावी लागते, दुसऱ्याला माती जागेवर ठेवावी लागते.

आता मात्रेचा अर्थ पाहू. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. नुसते नत्र मोजले तर ती साधारण 10 मिलिग्रॅम होते. पिकाला दिलेल्या नत्रापैकी निम्मे पिकाने उचलले तरी कृषिशास्त्रज्ञ समाधान मानतात. उरलेले काही हवेत उडते, काही मातीत अडकते, काही पाण्यात जाते. समजा, केळीच्या त्या 889 किलोंपैकी फक्त 200 किलो, चौथाईहूनही कमी, मुळांच्या खाली निसटले. लिटरला 10 मिलिग्रॅम या दराने ते 2 कोटी लिटर पाणी मर्यादेपर्यंत आणून सोडते. जलजीवन मिशन माणसी रोज 55 लिटर पाणी धरते. हजार वस्तीच्या गावाला दिवसाला 55 हजार लिटर. भागाकार करून पाहावा: एका हेक्टरातले निसटलेले नत्र हजार माणसांचे जवळजवळ वर्षभराचे पाणी शून्यापासून मर्यादेपर्यंत नेऊ शकते. प्रत्यक्षात ते सगळे एका विहिरीत जाऊन बसत नाही, पावसाच्या पाण्याने पातळ होते, वाटेत जिवाणू त्यातले काही फस्त करतात. पण शिवारात बागायत एक हेक्टर नसते, शेकड्यांनी असते, आणि नायट्रेट एका वर्षात संपत नाही, दरवर्षीचे आदल्या वर्षीच्यावर चढते.

हे कागदावरचे गणित प्रत्यक्षात उतरलेले दिसते. केंद्रीय भूजल मंडळाने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या गुणवत्ता अहवालात देशभरातल्या 15 हजारांहून अधिक नमुन्यांपैकी सुमारे 20 टक्क्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर होते. महाराष्ट्रात हे प्रमाण 35 टक्क्यांच्या पुढे. 2017 साली देशातल्या 359 जिल्ह्यांत असे नमुने सापडत होते, 2023 पर्यंत जिल्हे 440 झाले. सर्वांत बाधित म्हणून ज्या पंधरा जिल्ह्यांची नावे आली त्यांत सात एकट्या महाराष्ट्रातले: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ. नकाशा उघडून पाहिला तर यांतला जळगाव जवळजवळ पूर्ण तापीच्या खोऱ्यात येतो, आणि अमरावती-बुलढाण्याचा मोठा भाग पूर्णेच्या, म्हणजे तापीच्याच मोठ्या उपनदीच्या खोऱ्यात. नंदुरबार त्या यादीत नाही. पण त्याच नदीच्या वरच्या अंगाला तीन बाधित जिल्हे आहेत, आणि जी पीकपद्धती जळगावात आधी रुजली ती नदीच्या प्रवाहाबरोबर खाली सरकते आहे. जळगावाने जे वीस-तीस वर्षांत केले ते शहादा-नंदुरबार आता करत आहेत. म्हणून जळगावच्या विहिरींना इथल्या पुढच्या काळाचा नमुना समजायला हरकत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: नदी शेतकऱ्याने नाही, शहरांनी आणि कारखान्यांनी नासवली. त्यात बरेच तथ्य आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशातले 351 नदीपट्टे प्रदूषित ठरवले, त्यांतले 53 महाराष्ट्रातले, म्हणजे सर्वाधिक. तापीचाही पट्टा त्यांत होता. बऱ्हाणपूर, भुसावळपासून खालपर्यंतच्या गावांचे सांडपाणी या नदीत येते, आणि ते शुद्ध न करता सोडण्याचे समर्थन कोणी करू शकत नाही. पण ही यादी कोणत्या काट्यावर तोलली गेली ते विचारले पाहिजे. काटा होता जैविक प्राणवायू मागणीचा, ज्याला सगळे बीओडी म्हणतात. लिटरला 3 मिलिग्रॅमच्या वर गेला की पट्टा प्रदूषित. बीओडी कुजणारी घाण मोजतो. विरघळलेल्या युरियाचे नायट्रेट कुजत नाही, चिकणमातीला चिकटलेला स्फुरदही कुजत नाही. दोघेही या काट्याला दिसत नाहीत. नदीच्या पाण्याची ‘अ’ ते ‘इ’ अशी जी वर्गवारी मंडळ वापरते तिच्या निकषांतही नायट्रेट नाही की स्फुरद नाही. ताप पाहायला वजनकाटा वापरावा आणि ताप नाही म्हणून निर्वाळा द्यावा, तसा हा प्रकार. शेताचा वाटा कमी आहे असे म्हणण्यासाठी तो आधी मोजलेला तरी असावा लागतो.

याच आक्षेपाची दुसरी, जास्त टोकदार बाजू अशी की, गावच्या विहिरीतले नायट्रेट खताचेच कशावरून? ते उकिरड्याचे असेल, गोठ्याचे असेल, शोषखड्ड्याचे असेल. असूच शकते. गावठाणातल्या आडाशेजारी संडासाची टाकी असेल, तर तिथल्या नायट्रेटसाठी केळीला दोष देणे अन्यायाचे होईल. हागणदारीमुक्तीच्या घाईत किती टाक्या पिण्याच्या पाण्याच्या उद्भवाजवळ बांधल्या गेल्या हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. परंतु गावठाणापासून दूर, मळ्यातल्या विहिरींतही नायट्रेट चढलेले सापडते तेव्हा उकिरड्याचे स्पष्टीकरण तोकडे पडते. शिवाय हा युक्तिवाद भूमिवापराच्या मुद्द्याला खोडत नाही, तो त्याचाच विस्तार आहे. गोठा कुठे, उकिरडा कुठे, संडासाची टाकी कुठे आणि नाला कुठे, हेही जमीन कशी वापरली याचेच प्रश्न आहेत.

खोऱ्याला दुसरे एक अंग आहे, आणि ते पाहिले नाही तर सगळा दोष सपाटीच्या माथी मारल्यासारखे होईल. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा उतारावर वसला आहे. उत्तरेला सातपुडा; तिथल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांचा बराच भाग नर्मदेला पाणी देतो, पण अलीकडच्या उतारावरून गोमाई, सुसरी, वाकी अशा नद्या तापीकडे येतात. या डोंगरावर युरिया फारसा पोचत नाही. तिथल्या आदिवासी कुटुंबाच्या मक्याला, ज्वारीला, भगरीला मिळणारे खत केळीच्या शेजारी मांडण्याजोगेही नाही. पण तिथून येतो गाळ. इंग्रजी अमलापासून सुरू झालेल्या आणि नंतरही न थांबलेल्या तोडीने उतार उघडे पडले, त्यावर बांधबंदिस्तीशिवाय नांगर चालला. उघड्या उतारावर पावसाचा थेंब थेट मातीवर आदळतो आणि पहिल्या तासाभरात नाला तांबडा होतो. त्या गाळातही स्फुरद असतोच, नैसर्गिक. वनहक्क कायद्याने पट्टे मिळाले म्हणून डोंगर धुपला, ही शहरी कुजबुज मात्र उलटी आहे. जमीन आपली राहणार की नाही हे ज्याला माहीत नाही तो माणूस दगडी बांध घालत नाही. पट्टा हातात आल्यावर तो निदान घालू तरी शकतो. डोंगराचा दोष मातीचा, सपाटीचा दोष खताचा, आणि प्रकाशा या गावाजवळ गोमाई तापीला मिळते तिथे या दोहोंची गाठ पडते. ज्या प्रकाशाला दक्षिणकाशी म्हणतात, जिथे 1955 मध्ये बी. के. थापर यांनी केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्ती सापडली, तिथले भाविक त्याच पाण्यात उतरतात. साडेतीन हजार वर्षांच्या आसपास या काठावर शेती होत आली आहे. नत्राची सतरापट वाढ गेल्या काही दशकांतली.

नदी वाहती असती तर यातले पुष्कळ समुद्राला जाऊन मिळाले असते. पण तापी आता पायऱ्या-पायऱ्यांनी उतरते. हतनूर, मग सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा इथले बॅरेज, आणि खाली गुजरातेत 1972 साली पूर्ण झालेले उकाई. तापीचे खोरे 65,145 चौरस किलोमीटरचे. त्यातले 62,225 चौरस किलोमीटर उकाईच्या वर आहे. म्हणजे तापीच्या उगमाच्या मुलताईपासून कोरीटपर्यंत आणि त्याही पुढे ज्याच्या शेतातून माती निघाली, त्या जवळजवळ प्रत्येकाची माती तिथे पोचते. पावसाळ्यात बॅरेजचे दरवाजे उघडे असतात, तेव्हा चिखल पुढे निघून जातो. पूर ओसरल्यावर दरवाजे बसतात, पाणी थांबते, गाळ तळाशी बसतो, पाणी नितळते, ऊन आत शिरते. स्फुरद, नत्र, ऊन आणि थांबलेले पाणी एकत्र आले की शेवाळाला आणि जलपर्णीला आणखी काही लागत नाही. नत्र आणि स्फुरद या दोहोंपैकी कोणाची टंचाई निर्णायक, याचा एक सुंदर पुरावा कॅनडात 1973 साली मिळाला. ऑन्टारियोतल्या 226 क्रमांकाच्या तळ्याच्या मधोमध डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी पडदा लावला. एका बाजूला कार्बन आणि नत्र, दुसऱ्या बाजूला त्यांच्या जोडीला स्फुरद. स्फुरदाची बाजू काही आठवड्यांत हिरवीगार झाली, दुसरी स्वच्छ राहिली. आणि शेतातला स्फुरद शहराच्या घशाशी कसा येतो हे ऑगस्ट 2014 मध्ये अमेरिकेतल्या टोलेडोने पाहिले: मॉमी नदीच्या शेतीप्रधान खोऱ्यातून ईरी सरोवरात आलेल्या पोषणावर विषारी शेवाळ माजले आणि सुमारे 5 लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, असे सांगावे लागले. उकाईच्या खाली सुरत आहे. त्या शहराचे पिण्याचे पाणी तापीचे. तापीच्या पाण्याच्या वाटणीवर महाराष्ट्र आणि गुजरात टीएमसी मोजत भांडत आले. पाण्याबरोबर काय जाते याचे माप भांडणात कधी आले नाही.

दुसरा आक्षेप प्रमाणाचा आहे. चीन आणि युरोपातले काही देश हेक्टरी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त खत वापरतात, मग आपल्यालाच का टोचता? सरासरीच्या सावलीत हा आक्षेप उभा आहे. अक्राणीतला जवळजवळ विनाखताचा मका आणि शहाद्यातली केळी यांची सरासरी काढली तर जिल्हा सोज्वळ दिसेल, पण पाणी सरासरीतून झिरपत नाही, त्या-त्या वावरातून झिरपते. आणि युरोपाचे उदाहरण उलट दिशेने जाते: तिथे 1991 मध्ये नायट्रेटचा निर्देश आणावा लागला, बाधित क्षेत्रे आखावी लागली, हिवाळ्यात शेणखत पसरण्यावर बंदी घालावी लागली, आणि इतके करूनही भूजल सावकाशच सुधारते आहे, कारण जमिनीत मुरलेले नायट्रेट खाली उतरायला दशके घेते. आपण त्यांच्याइतके खत वापरेपर्यंत थांबावे, असा याचा अर्थ कोणी काढत असेल तर काढो. तिसरा आक्षेप आरोग्याचा: नायट्रेटने कोणी मेलेले ऐकले आहे का? आयोवातल्या हंटर कॉमली यांनी 1945 मध्ये विहिरीच्या पाण्यावर वाढलेल्या तान्ह्या मुलांचा निळसर पडण्याचा विकार नोंदवला, आणि मर्यादेचा पाया तिथे आहे. सहा महिन्यांच्या आतले, वरचे दूध विहिरीच्या पाण्यात कालवून पिणारे मूल हा खरा धोका. जिथे आईचे दूध सहा महिने चालते तिथे तो कमी, हे मान्य केले पाहिजे; कर्करोगाशी असलेल्या संबंधावर संशोधकांचे एकमत नाही, हेही. भीती घालून मुद्दा मोठा करण्याचे कारण नाही. पण नायट्रेट हे खुणेचे रसायन आहे. ते विहिरीत आले, याचा अर्थ वरचे पाणी न गाळता खाली पोचते आहे, आणि त्याच वाटेने तणनाशक, कीटकनाशकही पोचू शकते. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटून घट्ट होते. टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीने जंतू मरतात, नायट्रेट तसेच राहते. गावोगाव आलेले आरओचे संच ते काढतात, आणि ते साठलेले पाणी मागच्या गटारात सोडतात.

सगळ्यांत वजनदार आक्षेप शेतकऱ्याच्या खिशाचा आहे. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते. किंमत सरकारने बांधून ठेवली आहे आणि 2010 च्या पोषणआधारित अनुदानातून युरिया बाहेर ठेवला गेला. त्रेचाळीस गोण्यांचे होतात साडेअकरा हजार रुपये. लाखोंच्या केळीपुढे हे काहीच नाही. घड बारीक पडला तर व्यापारी भाव पाडतो. चार गोण्या जास्त पडल्या तर जातात हजार रुपये. तेव्हा जास्तीचा युरिया हा शेतकऱ्याचा अडाणीपणा नसून स्वस्तातला विमा आहे. पावसाच्या तोंडावर युरिया फेकण्यामागेही तर्क आहे: मातीवर उघड्या पडून राहिलेल्या युरियातून अमोनिया उडून जातो, हलका पाऊस आला तर तो मुळाशी उतरतो. पाऊस हलका येतो की ढगफुटीसारखा, यावर सगळा जुगार. खानदेशात केळीची मृगबाग जून-जुलैत लागते, म्हणून तिचे पहिले हप्ते नेमके याच जुगारात सापडतात. पावसाळा ओसरताना लागणारी कांदेबाग त्यामानाने सुटते. हे लक्षात घेतले की शेतकऱ्याला ‘जागरूक’ करण्याच्या मोहिमा किती फोल आहेत ते कळते. जागरूकता त्याला आहे, त्याचा हिशेबच त्याला तिकडे ढकलतो. युरियावर निंबोळीचा थर 2015 मध्ये सक्तीचा झाला त्याचा थोडा उपयोग झाला, कारण त्यात शेतकऱ्याच्या इच्छेवर काही अवलंबून नव्हते. नत्राचे नायट्रेट होण्याचा वेगच मंदावला.

मग ठिबकने प्रश्न सोडवलाच आहे, असे म्हणणारे भेटतात. केळी आणि पपईत ठिबक खूप पसरले, आणि विद्राव्य खत थेंबाथेंबाने मुळाशी देणे हे मोकाट पाण्यापेक्षा शंभरदा बरे. पण ठिबक हे फक्त नळीचे नाव आहे. वीज रात्री आली, संच सुरू केला आणि सकाळपर्यंत चालू राहिला, तर ठिबकही विरघळलेले नत्र मुळांच्या खाली ढकलते, आणि ते जमिनीवर पाणी साचवत नाही म्हणून कोणाला दिसतही नाही. शिवाय जूनच्या मुसळधारेला ठिबकची नळी अडवू शकत नाही. जलसंधारणाचेही असेच. 2004 पासून शिरपूर तालुक्यात सुरेश खानापूरकरांनी नाले खोल-रुंद करून साठवणीचे जे काम केले त्याने विहिरी भरल्या, त्याची नक्कल राज्यभर झाली, जलयुक्त शिवार त्याच वाटेने गेले. भरलेल्या विहिरीचे मोल खानदेशात कोणी कमी लेखू नये. पण पोकलेनने खणलेल्या नाल्याचे काठ उघडे, सरळ आणि मातीचे असतात; दोन्ही बाजूंच्या वावरांतून आलेले पाणी गाळण्याचे काम जे काठावरचे गवत, करंज, निरगुडी, शिंदी करत असे, ते निघून जाते. पाणी जास्त मुरते, आणि जास्त मुरलेल्या पाण्यात जे असेल तेही जास्त मुरते. मे 2025 मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने तापी महापुनर्भरण योजनेचा करार केला, 31 टीएमसीच्या आसपास पाण्याचा; नंदुरबारच्या तापीवरच्या 22 सहकारी उपसा योजना, ज्या वर्षानुवर्षे बंद होत्या, त्या सुरू करण्याची मागणी तर जुनीच आहे. दोन्ही रास्त. पण दोन्हींमुळे जिरायत बागायतीत जाणार, अडीच गोण्यांचे शेत त्रेचाळीस गोण्यांचे होणार, आणि त्या जास्तीच्या गोण्यांचा हिशेब पाण्याच्या हिशेबाच्या वहीत मांडायला जागाच ठेवलेली नाही.

पाण्यासाठी पिकाला शिस्त लावणे आपल्याकडे अशक्य आहे, असा शेवटचा, हताश आक्षेप असतो. त्याला उत्तर याच खोऱ्यात आहे. पांझरेवर आणि तिच्या शेजारच्या नद्यांवर शतकानुशतके फड पद्धत चालली. बंधाऱ्याच्या पाण्याखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात एकच पीक, दरवर्षी फेरपालट, उसाचा फड ठरलेला, बाजरीचा ठरलेला. पाणी सोडणारा पाटकरी कोणाच्या घरचा आहे ते न पाहता बारी देणारा. आपल्या वावरात काय लावायचे हे एकट्याने ठरवायचे नाही, ही गोष्ट तिथल्या शेतकऱ्याला जुलूम वाटत नव्हती, कारण बदल्यात पाण्याची खात्री होती. ती पद्धत धरणांनी आणि विहिरींनी मोडली, आणि ती जशीच्या तशी परत येणार नाही. पण तिच्यातली एक गोष्ट उचलता येते: एकक म्हणून वावर न धरता एका नाल्याला पाणी देणारे सगळे शिवार धरायचे. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅटने 1976 पासून काळ्या मातीच्या एका छोट्या पाणलोटावर रुंद वरंबे, गवताळ नाल्या आणि मिश्रपिके चालवली. शेजारच्या जुन्या पद्धतीच्या शेतातून वर्षाला हेक्टरी सहा टनांहून अधिक माती जात असताना इथून दोन टनांच्या आत गेली, आणि धान्य कित्येक पट जास्त आले. माती थांबली म्हणजे तिला चिकटलेला स्फुरद थांबला. यासाठी वेगळे विज्ञान लागले नाही, पाण्याच्या वाटेवरची जमीन गवताला सोडावी लागली.

आणि तिथेच खरी अडचण आहे. आपल्या गावांत भांडणे होतात ती बांध कोरण्यावरून. दरवर्षी वखराच्या पात्याने दोन बोटे, चार बोटे बांध आत ओढायचा, असे करत दोन वावरांमधला गवताचा पट्टा नाहीसा होतो, नाल्याची थड नांगरली जाते, गायरानात पीक उभे राहते. ज्या पट्टीने पाणी गाळायचे तीच पट्टी सगळ्यांत आधी कोरली जाते, कारण तिचा मालक कोणी नाही. तिचे मोल शेतकऱ्याला द्यायला हवे. पपईच्या भावात पाहिले तर नाल्याकाठची पाच मीटर रुंद पट्टी हे खरे उत्पन्न आहे, ते फुकट सोडा असे कोणी सांगू नये. युरियाच्या स्वस्ताईवर सरकार जे खर्च करते त्याचा अंश जरी या पट्टीच्या भाड्यावर गेला, चाऱ्याच्या गवताला, बांबूला, शेवग्याला अनुदान म्हणून, तरी नाल्याचे काठ परत हिरवे होतील, आणि जनावरांना चारा मिळेल तो वेगळाच. मृगबागेचा पहिला हप्ता पावसाचा अंदाज पाहून आठ दिवस पुढे ढकलणे, मोठा हप्ता तोडून तीन करणे, यांना तर पैसाही लागत नाही. लागतो वेळेवरचा, तालुक्याच्या नव्हे तर गावाच्या पातळीवरचा अंदाज.

मोजमापाची साधने गावात आधीच आहेत. ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या उद्भवांची वर्षातून दोनदा पाहणी होते आणि लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. पाहणीचा सगळा भर साथीचा रोग होऊ नये यावर, गळती, घाण आणि टीसीएल यांवर. त्याच्या जोडीला जलजीवन मिशनने प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासायला शिकवण्याचे ठरवले आणि तपासणी संच दिले. त्या संचात नायट्रेटची बाटली असते. तिचा उपयोग कार्डाच्या तारखेपेक्षा जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी जास्त आहे, गावठाणातल्या विहिरीबरोबर मळ्यातल्या विहिरीच्या आणि नाल्याच्या पाण्यावर. आणि पुन्हा ऑक्टोबरात, बॅरेजचे दरवाजे बसले की. दोन्ही वेळचा रंग वहीत लिहायचा, शेजारी त्या वर्षी नाल्याच्या वर किती एकर केळी, किती ऊस, किती बाजरी होती ते लिहायचे. पाच वर्षांची अशी वही एका गावाकडे असली, तर प्रदूषण मंडळाच्या काट्याला जे दिसत नाही ते त्या वहीत दिसेल.